मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनमध्ये किडनी कशी सांभाळायची: आई-बाबांसाठी सुरुवातीपासून

मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं की घरातल्या सगळ्यांचा जीव हृदयात अडकतो. आयसीयूत मात्र पहिले दोन दिवस डॉक्टर आणि सिस्टर तासातासाला एकच प्रश्न विचारत असतात: लघवी किती झाली? बायपास मशीन लावून ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी दहातल्या तीन ते पाच जणांच्या किडनीला कमी-अधिक इजा होते. बहुतेकांत ती सौम्य असते आणि काही दिवसांत भरून येते. ज्यांना ती गंभीर होते त्यांचा व्हेंटिलेटर लांबतो, आयसीयूतला मुक्काम वाढतो, आणि जिवाचा धोकाही वाढतो.

मी लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत काम केलेली नर्स. राहते बडोद्यात, त्यामुळे दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर इथल्या मराठी घरांतून फोन येतात: "ताई, अहमदाबादची तारीख मिळाली, आता काय काय करायचं?" पैसे, कार्ड, रक्तदाते, राहायची सोय हे सगळं विचारलं जातं. किडनीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहिते आहे. औषध सुरू किंवा बंद करणं हा डॉक्टरांचाच निर्णय, त्यात हात घालू नका. पण आई-बाबांच्या हातात असलेल्या गोष्टीही कमी नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याचशा ऑपरेशनच्या आधीच करायच्या आहेत.

किडनीला इजा होते कशी

किडनीला रक्त भरपूर लागतं. मोठ्या माणसात हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा तिकडे जातो. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात आणि बायपास मशीन रक्त फिरवतं. त्या वेळात रक्ताचा दाब, शरीराचं तापमान, रक्ताचा दाटपणा सगळंच बदललेलं असतं. पंप आणि नळ्यांतून फिरताना काही लाल पेशी फुटतात, आणि त्यांतून सुटलेलं हिमोग्लोबिन किडनीला जाचतं. शिवाय अंगभर दाह उठतो. ऑपरेशननंतर ६ ते १२ तासांच्या सुमारास हृदयाचा जोर तात्पुरता उतरण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. जोर उतरला की किडनीला पोचणारं रक्तही घटतं. काही मुलांत हृदयाच्या उजव्या बाजूला दाब तुंबतो आणि किडनीतून रक्त परत निघायला त्रास होतो. त्यात किडनीला जड जाणारी औषधं पडली की इजा वाढते.

तान्ह्या बाळाची किडनी मुळातच कच्ची. तिची गाळण्याची ताकद मोठ्यांच्या बरोबरीला यायला साधारण दोन वर्षं लागतात. म्हणून नवजात बाळं, ओठ-नखं निळसर असणारी मुलं, दुसऱ्यांदा ऑपरेशन होणारी मुलं आणि ज्यांचा मशीनवरचा वेळ लांबतो ती मुलं, यांना धोका अधिक. एएसडी किंवा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र, बंद करण्याच्या साध्या ऑपरेशनात तो कमी असतो. पीडीए, म्हणजे जन्मानंतर बंद व्हायची पण उघडी राहिलेली रक्तवाहिनी, बांधायला तर बहुतेक वेळा बायपास मशीन लागतच नाही. तुमच्या मुलाचं ऑपरेशन यांतलं कुठलं, हे सर्जनना विचारा आणि समजून घ्या.

पायरी १: एक वही घाला

पहिल्या पानावर मुलाचं वजन लिहा, कमी कपड्यांत, एकाच काट्यावर घेतलेलं. पुढे पाण्याचा, औषधाचा, लघवीचा सगळा हिशेब या वजनावरच चालतो.

त्याखाली ऑपरेशनच्या आधीचं क्रिएटिनिन लिहा. हा रक्तातला टाकाऊ पदार्थ; किडनी तो बाहेर टाकते, म्हणून किडनी मंदावली की त्याचा आकडा वाढतो. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण चुकीचा दिलासा मिळतो तो इथेच. वर्षाच्या बाळाचं क्रिएटिनिन साधारण ०.२ ते ०.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि बाळाचे स्नायू ते केवढे! पण लॅबच्या रिपोर्टवर शेजारी पुष्कळदा मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, १.२ पर्यंत नॉर्मल. आता समजा, बाळाचं आधी ०.३ होतं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ०.६ आलं. कागद म्हणतो नॉर्मल. खरं पाहता ते दुप्पट झालेलं आहे. केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१२ च्या निकषांनुसार क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, की त्याला किडनीची तीव्र इजा म्हणायचं. दुप्पट म्हणजे दुसरी पातळी, तिप्पट म्हणजे तिसरी. मूळचा आकडाच हाताशी नसेल तर ही तुलना करायची कशाशी? आयसीयूतल्या डॉक्टरांना हे पाठच असतं. पण जुने रिपोर्ट दुसऱ्या गावात, दुसऱ्या लॅबमध्ये राहिलेले असतात. ते आणून देणं तुमचं काम.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तात आईचं क्रिएटिनिन असतं. तेव्हा त्या दिवसांतला रिपोर्ट मूळचा आकडा म्हणून धरू नका.

वहीत आणखी एक प्रश्न लिहून ठेवा: पोटाची सोनोग्राफी झाली आहे का? जन्मजात हृदयदोष असलेल्या काही मुलांत किडनीचीही रचना वेगळी असते. कधी एकच किडनी असते, कधी मूत्रमार्गाला अडथळा असतो. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं.

पायरी २: घरातली औषधं टेबलावर मांडा

सगळी म्हणजे सगळी. डॉक्टरांनी लिहून दिलेली, मेडिकलमधून आणलेली, आजीने दिलेली.

तापाच्या सिरपपासून सुरुवात करा. मेडिकलमध्ये जाऊन "तापाचं द्या" म्हटलं की हातात येणाऱ्या बाटलीत कधी नुसतं पॅरासिटामॉल असतं, कधी त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असतं. ही दुसऱ्या जातीची औषधं किडनीकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आवळतात. धडधाकट मुलाला एखाद्या डोसने काही होत नाही. पण हृदय कमजोर, त्यात लघवीचं औषध चालू, त्यात उलट्या-जुलाब, अशा मुलाची किडनी त्याने खरोखर बंद पडू शकते. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ताप आला तर पॅरासिटामॉलच, आणि तेही वजनावरून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी असेल तर मुलाच्या औषधांच्या डब्यापासून लांब ठेवा.

लॅसिक्स आणि अल्डॅक्टोन (लघवी वाढवणारी), एनालाप्रिल (रक्तदाब उतरवणारं) ही हृदयाची औषधं बऱ्याच मुलांना चालू असतात. एनालाप्रिलसारखं औषध ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थांबवायचं का, हे भूलतज्ज्ञांना आठवणीने विचारा. भुलीत त्याने रक्तदाब जास्त उतरू शकतो. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका, आणि ॲस्पिरिन तर मुळीच नाही. ज्या मुलाला शंट, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेणारी छोटी कृत्रिम नळी, बसवलेला आहे त्याचा शंट त्या लहानशा डोसामुळे मोकळा राहतो. "वेदनाशामक किडनीला वाईट" हे ऐकून ॲस्पिरिन बंद करणारे आई-बाबा मी पाहिले आहेत. हा घोटाळा करू नका.

बाळगुटी, भस्मं, कुणी दिलेल्या पुड्या, घटक न लिहिलेले काढे: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पूर्ण बंद. काही भस्मांत शिसं आणि पारा असतो, आणि दोन्ही किडनीचे शत्रू आहेत. आजीचं मन मोडतं, हे मला माहीत आहे. हवं तर माझं नाव सांगा.

पायरी ३: आधीचा आठवडा

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. लॅसिक्स घेणारं मूल अशा उन्हात तासाभरात कोमेजतं. कागदपत्रांची धावपळ मुलाला कडेवर घेऊन करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि गुजरातमध्ये तो शाळा आरोग्य कार्यक्रमाच्या जोडीने चालतो. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयदोषाचा उपचार त्यात बसतो. जवळच्या आरोग्य केंद्राच्या पथकाला लवकर गाठा, म्हणजे शेवटचे दिवस रांगेत जाणार नाहीत. अहमदाबादला, मग ती यू. एन. मेहता इन्स्टिट्यूट असो की दुसरं रुग्णालय, प्रवास शक्यतो सकाळचा ठेवा. पाणी किंवा दूध किती द्यायचं ते डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. हृदयाच्या काही मुलांना पाण्याची मर्यादा असते, तेव्हा "भरपूर पाजा" हा सल्ला सगळ्यांना लागू नाही.

जुलाब, उलट्या, ताप, यांतलं काहीही झालं तर लपवू नका. तारीख पुढे जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. सुकलेल्या शरीराने बायपास मशीनवर जाणं किडनीला फार महागात पडतं.

अँजिओग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून रक्तवाहिनीतून डाय (रंगद्रव्य) देतात. तो किडनीवाटेच बाहेर पडतो. डाय दिल्यावर लगेच ऑपरेशन असेल तर मध्ये थोडे दिवस ठेवता येतील का, किंवा क्रिएटिनिन पुन्हा तपासणार का, एवढं विचारा. तातडीच्या वेळी थांबता येत नाही, हेही समजून घ्या.

पायरी ४: उपाशी ठेवण्याचे तास मोजून घ्या

"रात्रीपासून काही देऊ नका" असं कुणी मोघम सांगितलं तर नेमकी वेळ विचारा. साधारण नियम असा: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, साखरपाण्यासारखं स्वच्छ पातळ पेय दोन तास. काही ठिकाणी पातळ पेयाला तासभर आधीपर्यंतही परवानगी देतात. सकाळी आठच्या ऑपरेशनसाठी रात्री आठपासून उपाशी ठेवलेलं तान्हं बाळ मशीनवर जाताना आधीच सुकलेलं असतं. निळसर मुलांचं रक्त मुळातच दाट असतं, त्यांना तर हे जास्तच घातक. आधीची केस लांबली आणि तुमचा नंबर दुपारवर गेला, तर नम्रपणे पण लगेच विचारा: "आता काही पाजू का, की सलाइन लावणार?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

ऑपरेशन थिएटरमध्ये

इथे तुम्हाला करण्यासारखं काही नाही. आत परफ्युजनिस्ट, म्हणजे बायपास मशीन चालवणारा तंत्रज्ञ, रक्ताचा प्रवाह, दाब आणि हिमोग्लोबिन सांभाळत असतो. मशीन बंद केल्यावर पुष्कळ ठिकाणी रक्तातलं जादा पाणी गाळून काढतात. ती पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लहान मुलांसाठीच विकसित झाली.

"किडनी वाचवण्याचं एखादं इंजेक्शन नाही का?" असं बाबा लोक हमखास विचारतात. खात्रीचं असं एकही नाही. कमी डोसाचं डोपामिन किडनी राखतं असं पूर्वी मानत. २००० साली मोठ्या रुग्णांवरच्या चाचणीत ते खोटं ठरलं. लॅसिक्स लघवी वाढवतं, पाणी काढतं, पण किडनीची इजा टाळत नाही. किडनी वाचते ती रक्तदाब, हृदयाचा जोर, पाण्याचा ताळेबंद आणि औषधांचे डोस यांवर बारीक नजर ठेवल्याने. म्हणूनच पहिल्या रात्री मुलाच्या खाटेपाशी सिस्टर सारखी उभी दिसते.

पायरी ५: पहिले ४८ तास

मुलाला लघवीची नळी असेल आणि खाली मोजपट्टीची पिशवी. दर तासाला आकडा लिहिला जातो. लक्षात ठेवायचं ते एवढंच: दर किलो वजनामागे तासाला एक मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाला तासाला आठ मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचेही नाहीत, पण तेवढी झाली तर आम्ही निर्धास्त असतो. सलग सहा तास निम्म्याहून कमी झाली, म्हणजे या बाळाला तासाला चार मिलिलिटरच्या खाली गेली, तर ती किडनीची इजा धरतात. क्रिएटिनिन वर यायला एक-दोन दिवस जातात. लघवी त्याच्या कितीतरी आधी कळवते. म्हणून भेटीच्या वेळी "क्रिएटिनिन किती?" याच्या आधी "ताशी लघवी किती, आणि एकूण पाणी प्लस आहे की मायनस?" असं विचारा. सिस्टरला हा प्रश्न आवडतो, ती तुम्हाला चार्ट दाखवेल.

प्लस-मायनसचं गणित सोपं आहे. सलाइन, रक्त, दूध, औषधांबरोबर जाणारं पाणी, सगळं मिळून किती गेलं, त्यातून लघवी आणि छातीच्या नळ्यांतून आलेलं वजा करा. जादा राहिलेलं पाणी वजनाच्या दहा टक्क्यांवर गेलं, आठ किलोच्या बाळात ८०० मिलिलिटर, की डॉक्टर अस्वस्थ होतात. पापण्या सुजतात, फुप्फुसं जड होतात, आणि सुजलेल्या किडनीचं कामही बिघडतं. त्यामुळे ऑपरेशननंतर पाण्याची मर्यादा कडक असते. मूल पाणी मागतं, रडतं, आईच्याने बघवत नाही. तरी गुपचूप दोन घोट पाजू नका. ओठ ओले करायला ओला कापूस मागा.

लघवी लालसर किंवा चहासारखी दिसली तर लगेच सांगा. फुटलेल्या लाल पेशींचा रंग असू शकतो.

अमिकासिन, जेंटामायसिन, व्हँकोमायसिन ही किडनीला जड जाणारी प्रतिजैविकं कधी कधी द्यावीच लागतात. तेव्हा "किडनीप्रमाणे डोस बदलला आहे ना, रक्तातली पातळी तपासणार का?" असं विचारणं म्हणजे उलटतपासणी नव्हे. दुखण्यासाठी केटोरोलॅकसारखं (आयब्युप्रोफेनच्याच जातीचं) इंजेक्शन द्यायचं असेल तेव्हाही विचारा. हृदयाचा जोर वाढवणारं मिलरिनोन तर किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते साचतं, रक्तदाब उतरतो, आणि किडनी आणखी मंदावते. हे चक्र वेळीच तोडण्यासाठी डॉक्टर डोस कमी करतात. "औषध कमी केलं, म्हणजे सोडून दिलं का?" असा अर्थ काढू नका.

डायलिसिसचा शब्द निघाला तर

घरातलं कुणीतरी रडायला लागतं, कारण डायलिसिस म्हणजे किडनी कायमची गेली असं आपल्या डोक्यात असतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर तसं क्वचितच असतं. लहान बाळांना सहसा पोटातून डायलिसिस करतात: पोटात एक मऊ नळी घालतात, तिच्यातून कोमट द्रव आत सोडतात, काही वेळ ठेवतात, आणि पाणी व घाण घेऊन तो परत काढतात. रक्त बाहेर काढावं लागत नाही, म्हणून नाजूक बाळाला ते झेपतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये काही सर्जन ही नळी थिएटरमध्येच घालून ठेवतात. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लघवी कमी झालेल्या बाळांपैकी काहींना लवकर पोटातून डायलिसिस दिलं आणि काहींना लॅसिक्स. लॅसिक्सवाल्या गटात दहा टक्क्यांवर पाणी साचण्याचं प्रमाण तिप्पट निघालं. तेव्हा डॉक्टर लवकर डायलिसिस म्हणत असतील तर ते हात टेकल्याचं लक्षण समजू नका. सही करायला उशीर लावू नका. ज्या मुलांची किडनी सुधारते त्यांची नळी काही दिवसांत निघते.

पायरी ६: वॉर्डात आल्यावर, नातेवाइकांना आवरा

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, केळ्यातही. किडनी अजून पूर्ण सावरलेली नसेल, किंवा अल्डॅक्टोन-एनालाप्रिल चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं नको, फळांचे रस नकोत. काका-मामांना वाईट वाटलं तर वाटू द्या.

लघवीची नळी निघाल्यावर डायपर वजन करून मोजतात: ओल्याच्या वजनातून कोऱ्याचं वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. हे आईला सहज जमतं. शिकून घ्या, घरी उपयोगी पडेल.

पायरी ७: घरी

रोज सकाळी एकाच वेळी वजन, वहीत. एक-दोन दिवसांत ते झपाट्याने वाढलं, डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज आली, धाप लागली, तर फोन करा. तान्ह्याचे दिवसाला सहाच्या आसपास डायपर ओले व्हायला हवेत. सहा-आठ तास लघवीच झाली नाही तर सकाळची वाट बघू नका.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त भीती मला जुलाब-उलट्यांची वाटते. लॅसिक्स आणि एनालाप्रिल चालू असताना पोट बिघडलं की एकीकडे पाणी जातं, दुसरीकडे औषधं लघवी वाढवतात आणि किडनीतला दाब उतरवतात. अशा दिवशी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, कुठलं औषध थांबवायचं आणि ओआरएस किती द्यायचं. हा प्रश्न डिस्चार्जच्या वेळीच विचारून उत्तर वहीत लिहून ठेवा, कारण रात्री अकरा वाजता अहमदाबादला फोन लागतोच असं नाही. रात्री मूल मलूल पडलं, लघवी थांबली, तर सरळ जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सयाजी रुग्णालयात जा, वही बरोबर घेऊन.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांत हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन डॉक्टर स्वतःच आयब्युप्रोफेनसारखं औषध लिहितात, असंही होतं. मग हा लेख दाखवून वाद घालू नका. किडनीची तपासणी कधी करायची तेवढं विचारा.

तीन महिन्यांनी

ज्या मुलाच्या किडनीला इजा झाली होती त्याची क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तीन महिन्यांनी तपासावा, असं केडिगोच्या सूचना सांगतात. रक्तदाब मोजायला मुलाच्या दंडाला बसेल असा लहान पट्टा हवा. मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा चुकीचा, बहुधा कमी, येतो. हृदयाच्या तपासणीच्या गर्दीत हे राहून जातं, म्हणून तारीख आधीच लिहून ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: ऑपरेशननंतर किडनीला इजा झाली होती, सर्वात जास्त क्रिएटिनिन इतकं, डायलिसिस झालं किंवा नाही. पुढे दातांसाठी, पडून हात मोडला म्हणून, साध्या तापासाठी ज्या कुणा डॉक्टरांकडे जाल, त्यांनी औषध लिहिण्याच्या आधी ते पान त्यांच्यासमोर ठेवा.